चार भाकरींचा फेस

आमच्या लिंबायतच्या घरात साबणाचा फेस भाकरींवर मोजला जायचा. रविवारी सकाळी माय चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला बसली की आबा आपली धोकटी उघडायचे. धोकटीतून वाट्या, ब्रश आणि वेगवेगळ्या साबणांच्या झिजून पातळ झालेल्या वड्या निघायच्या. मग एका पालथ्या ताटलीवर आबा फेसाचे दोन ढीग करायचे, एक या साबणाचा, एक त्या साबणाचा, आणि दोन्ही ढिगांत एकेक काडी उभी खोचायचे. काडी कलंडेपर्यंत मायच्या किती भाकरी भाजून होतात, तेवढ्या भाकरींचा तो साबण. बाजारात मिळणारी खोबरेल तेलाची गोल वडी पाणी लागताच भसकन फुगायची, ताटली भरून जायची, आणि पहिली भाकर तव्यावर पलटायच्या आत काडी आडवी. आबा हसायचे. "हाऊ पुढारी शे," म्हणायचे. "फेस दिसाले मोठा नको, गालवर बठाले पाहिजे."

आबा न्हावी. धुळ्याकडून सुरतेला आलेल्या माणसांनी भरलेल्या आमच्या वस्तीत पत्र्याच्या छपराखाली त्यांची एक खुर्ची होती. मागावर रात्रपाळी करून आलेली माणसं त्या खुर्चीत बसल्याबसल्या झोपी जात. त्यांच्या कानांत मागाचा आवाज इतका भरलेला असे की आबांना त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, त्यामुळे आमच्या घरातही सगळे जरा मोठ्यानंच बोलत. बोअरचं पाणी आबा दाढीला वापरत नसत. ते जड असतं, त्यात फेस मरतो. सकाळी नळाला येणारं पाणी माठात झाकून ठेवलेलं असे आणि त्या माठाला हात लावायची आम्हाला बंदी होती. प्यायचं पाणी संपलं तर माय म्हणायची, "दाढीना माठ भरेल शे, लोकस्नं नरडं कोरडं." आणि रविवारची आमची फेसाची मोजणी लांबली, की तवा खाली उतरवून म्हणायची, "तुम्ही दोन्ही बापलेक फेसच खा आते. भाकर मी गायले टाकस."

मला मिशी फुटली तेव्हापासून या तुलनेत माझे गालही आले. डाव्या गालाला एक साबण, उजव्या गालाला दुसरा. आबा मला डोळे मिटायला लावत आणि वस्तरा फिरवून झाल्यावर विचारत, कोणता गाल सुखी? मी उत्तर दिलं की ते खरं मानत. त्यांच्या तीस वर्षांच्या हाताला माझ्या त्या कोवळ्या गालाचं मत लागायचं, याचा मला फार अभिमान होता.

पण माझा खरा अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा होता. माझा मामा, मायचा धाकटा भाऊ, मागावर कामाला होता आणि आमच्याकडेच राहायचा. त्याच्याकडे कपड्यांची पेटी नव्हती, पत्रकांची होती. गुलाबी, पिवळी, विटकरी कागदांवरची पत्रकं. मी वाचायला शिकलो ते त्यांवर. शाळेच्या पुस्तकातल्या कविता मला पाठ होत नसत, पण 'कामगार बंधूंनो' म्हणून सुरू होणारा मजकूर मी जेवताना घडाघडा म्हणून दाखवी. विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहायला लागलो. मामानं मला दोन नियम घालून दिले होते. पत्रकात माणसाचं नाव नको, पण तपशील पक्का हवा. आणि वाटलं त्या दिवशी त्यातला शब्द न् शब्द खरा हवा. "एक शब्द खोटा निघाला ना भाचा, तर शेठ तेवढाच शब्द धरतो आणि बाकीचं पत्रक शेंगदाणे बांधायला जातं." हे नियम मी धर्मासारखे पाळत होतो. आज मागं वळून पाहतो तेव्हा कळतं, की नियम पाळायच्या नादातच मी सगळ्यात वाईट गोष्ट केली.

आबा आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सायकलवरून शहरातल्या अठव्याकडच्या एका बंगल्यावर जात. तिथं एका शेठचे म्हातारे वडील होते. त्यांना अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेलेली. सगळे त्यांना बापुजी म्हणत, आम्हीही. शेठचे माग शहराबाहेर, कडोदऱ्याला होते. बापुजी गळ्यात तुळशीची कंठी घालणारे, कांदा-लसूण न खाणारे, चामड्याला न शिवणारे. आबा वस्तऱ्याला धार लावायचा चामडी पट्टा फाटकाबाहेर सायकललाच टांगून ठेवत, धार तिथं उभ्यानं लावत आणि मगच आत जात. धोकटीसुद्धा त्यांनी त्या घरासाठी कॅनव्हासची शिवून घेतली होती. बापुजींचा नातू लंडनला होता आणि तो आजोबांसाठी तिथून दाढीचे साबण पाठवी. साबण झिजून चपटा झाला की बापुजी तो आबांना देत. "लई जा, तारा छोकराने काम आवशे." आबांच्या धोकटीतल्या साऱ्या वड्या अशा आल्या होत्या. बापुजींना रविवारच्या भाकरींची गोष्ट ठाऊक होती. सोमवारी आबा गेले की ते अर्ध्या तोंडानं विचारत, काल कोण जिंकलं?

जिंकायचा नेहमी एकच. पांढरा, वास जवळजवळ नसलेला, लंडनहून आलेला तो साबण. सुरुवातीला तो रुसल्यासारखा वागायचा, ब्रश कितीही फिरवा, नुसतं दुधासारखं पाणी. मग एकाएकी दाटायचा, श्रीखंडासारखा. बुडबुडा म्हणून दिसायचा नाही. त्यात खोचलेली काडी चौथी भाकर उतरली तरी उभी. आबा त्या फेसाकडे असे बघत, जसे काही लोक देवळात बघतात.

एका रविवारी संध्याकाळी आबांनी शुक्रवारी मिळालेला तो साबण धोकटीतून काढून मला कोरा करकरीत दिला, डबीसकट. नातवानं दोन पाठवले होते, आणि मला आता रोज दाढी करावी लागते हे कळल्यावर बापुजींनी त्यातला एक माझ्यासाठी दिला होता. आत्तापर्यंत आमच्याकडे नुसत्या वड्याच येत, डबी प्रथमच आली. मी छापलेलं काहीही वाचणारा मुलगा. डबीच्या बुडाशी बारीक अक्षरांत काय काय घातलंय त्याची यादी होती, आणि पहिलाच शब्द मला अडला. सोडियम टॅलोएट. टेकाडाएवढा शब्दकोश मामाच्या पेटीत होता. टॅलो म्हणजे जनावराची चरबी.

आता इथं गजाननची हकीकत सांगायला हवी, नाहीतर मी नुसताच दुष्ट दिसेन, आणि तसा मी नव्हतो. गजानन विदर्भातला, अमरावतीकडचा, त्याच शेठच्या मागावर कामाला. कारखान्यामागं कामगारांसाठी खोल्या होत्या, त्यातल्या एकीत तो बायको आणि महिन्याच्या बाळासकट राहत होता. बायको बाळंतपणानं पार वाळली होती. डॉक्टरनं अंडी द्यायला सांगितली, त्यानं स्टोव्हवर दोन अंडी उकडली, आणि वास शेठच्या माणसापर्यंत गेला. दुपारच्या आत त्यांचं बिऱ्हाड रस्त्यावर. मी गेलो तेव्हा बाई हायवेच्या कडेला गादीच्या वळकटीवर बसली होती, बाळाच्या तोंडावर पदर धरून, आणि ट्रकमागून ट्रक धूळ उडवत जात होते. त्या दिवशी मला जो संताप आला तो आजही मला बरोबरच वाटतो. त्या संतापाबद्दल मला काही म्हणायचं नाही.

डबी हातात आली ती या घटनेनंतर चारच दिवसांनी. शब्दकोश मिटला आणि माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं. बसूनही लिहावं लागलं नाही. 'ज्या शेठच्या खोलीत अंडं उकडलं म्हणून बाळंतिणीचं बिऱ्हाड रस्त्यावर येतं, त्या शेठच्या बंगल्यात आजही वृद्ध वडिलांच्या गालाला जनावराच्या चरबीचा विलायती साबण लागतो.' नाव कुणाचं नाही. तपशील पक्का. मामानं वाक्य दोनदा वाचलं आणि मांडीवर थाप मारली. मग थांबून म्हणाला, "दाजींना सांगितलंस ना रे?"

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. लग्नसराई होती, छापखानेवाल्याकडे पत्रिकांचा ढीग, आमचं पत्रक तो अकरा दिवसांनी देणार होता. आबांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी तो साबण बापुजींच्या घरातून काढला असता. बापुजींशी कसं बोलायचं हे आबांना ठाऊक होतं, कुणाला लाज न आणता त्यांनी ते केलं असतं. आणि मग माझ्या वाक्यातला 'आजही' खोटा पडला असता. या एका शब्दासाठी मी गप्प राहिलो. सोमवारी आबा गेले, बुधवारी गेले, शुक्रवारी गेले, पुन्हा सोमवारी, पुन्हा बुधवारी. पाच वेळा. प्रत्येक वेळी मी त्यांना सायकलवर टांग टाकून जाताना पाहिलं, आणि एकदा तर सुटलेलं कॅनव्हासच्या धोकटीचं बक्कल मीच लावून दिलं. मधल्या रविवारी त्यांनी माझ्या डाव्या गालाला तोच साबण लावला आणि विचारलं, कोणता गाल सुखी?

मी म्हणालो, "डावा."

गुरुवारी पाळी बदलताना आम्ही कडोदऱ्याला पत्रक वाटलं. माझं कुठलंही पत्रक त्याआधी इतकं वाचलं गेलं नव्हतं आणि नंतरही नाही. माणसं ते मोठ्यानं वाचत होती, पुन्हा वाचत होती. कुणीतरी शेठच्या गाडीमागं ओरडलं, "बापुजीले अंडं लावा, सस्तं पडीन!" हशा उसळला. मीही हसलो. गजानन तेवढा हसला नाही. कागदाची घडी करून त्यानं खिशात ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, थो म्हातारा त चांगला होता ना. मले खोलीतून काहाडलं थे त्याच्या पोरानं." मी त्याला समजावलं की वर्ग म्हणजे काय. तो मान डोलवत राहिला, थकलेला माणूस डोलवतो तशी.

आबांना लिहिता-वाचता बेताचंच यायचं. पत्रक निघालंय हे त्यांना ठाऊक होतं, त्यात काय आहे ते नाही. शुक्रवारी ते नेहमीसारखे गेले आणि नऊच्या आत परत आले. धोकटी उघडलेलीही नव्हती. फाटकातच शेठनं कुणाला तरी त्यांना पत्रक वाचून दाखवायला लावलं होतं. शेठ ओरडला नाही. एवढंच म्हणाला, की इतकी वर्षं माझ्या बापाच्या गळ्यावर वस्तरा ठेवणारा माणूस तू. बापुजींनी आदल्या दिवसापासून पाणीही सोडलं होतं, प्रायश्चित्त म्हणून, आणि यापुढं दाढी नाही असं ठरवलं होतं.

आबा उंबऱ्यावर बसले. माय तवा उतरवून तशीच उभी. मग आबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुले कधळ समजनं?"

"छापनं त्याच दिन," मी म्हणालो. "तुम्ही दुकानवर व्हतात."

पत्रक छापायला मजकूर कितीतरी दिवस आधी द्यावा लागतो, हे आबांना माहीत नव्हतं. आणि त्यांना ते माहीत नाही, हे मला माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "मंग सांगाले येळच नही व्हता तुले," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि उठून पाय धुवायला गेले. मामा तेव्हा कामावर होता. रात्री आल्यावर मायकडून सगळं ऐकून त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. तो काही बोलला नाही, कारण बोलला असता तर त्यालाही बोलावं लागलं असतं की त्यानं एकदाच का विचारलं.

बंगल्याचं काम गेलं, आणि त्या आळीतल्या आणखी दोन घरांचंही गेलं. पण आबांना खुपलं ते वेगळंच होतं. धोकटीतल्या वड्या त्यांनी बाहेर काढल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. फेकायचं नाही, म्हणाले, कुणीतरी प्रेमानं दिलंय. गिऱ्हाइकाला लावायचं नाही, म्हणाले, कुणाचा काय नेम असेल. "तू संपाड." तेव्हापासून रोज सकाळी ते मला खुर्चीत बसवत आणि माझी दाढी करत. एक वडी संपली की दुसरी. ताटली नाही, काडी नाही, दोन्ही गालांना एकच साबण. आधी सगळ्या चपट्या वड्या संपल्या, मग डबीतला तो लंडनवाला निघाला. तोच पहिल्यासारखा दाट, मऊ फेस. मी डोळे मिटून बसे आणि मनात म्हणे, आता विचारतील. ते विचारत नसत. टॉवेलनं गाल टिपून ते पुढच्या माणसाला हाक मारत. असा साबण संपता संपत नाही. दोन महिन्यांहून जास्त चालला. माझी मुलगी परवा दुकानात म्हणाली, बाबा, तुम्ही डबीवरचं वाचायला चष्मा लावता पण विकत काहीच घेत नाही.

साबण संपला त्याच आठवड्यात बंगल्यावरून निरोप आला. बापुजींनी बोलावलंय, आणि छोकऱ्याला पण घेऊन ये. मला वाटलं पोलिसात देतील. मायनं माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि आबांना म्हणाली, "पोऱ्याले बोलू देऊ नका. त्यानं बोलनं म्हंजे पत्रकच."

बापुजी पलंगावर तक्क्याला टेकून बसवलेले होते. पांढरी दाढी छातीशी आली नव्हती, पण गाल पार झाकले होते, आणि बंद न होणाऱ्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ त्या केसांत उतरून तिथली कातडी लाल झाली होती. सुनेला ते पुसू देत नव्हते. डॉक्टरनं सांगितलं होतं, दाढी काढा, नाहीतर जखम होईल. बापुजींनी कबूल केलं, पण साबणाशिवाय. कुठलाच साबण नको. कशात काय असतं कुणाला ठाऊक? नुसत्या पाण्यानं.

आबांनी गरम पाण्याचा टॉवेल तीनदा ठेवला. मी वाटी धरून उभा होतो. पाण्यावर वस्तरा फिरवताना कसा आवाज येतो तो मी प्रथमच ऐकला, वाळल्या गवतावर विळा ओढल्यासारखा. म्हातारी सैल कातडी, कित्येक महिन्यांचे केस आणि मध्ये काहीच नाही. हनुवटीखाली पहिली लाल रेघ उठली तेव्हा आबांचा हात थांबला. त्यांच्या हातून मी कधी रक्त पाहिलं नव्हतं. बापुजी म्हणाले, "चाल, चाल." मग दुसरी रेघ, मग ओठापाशी तिसरी. मी वाटीतल्या पाण्याकडे बघत राहिलो. ते गुलाबी होत चाललं होतं.

झाल्यावर बापुजींनी माझ्याकडे पाहिलं. "तें लख्युं?"

हो, मीच लिहिलं, अशी मी मान हलवली.

"साचुं लख्युं छे, दीकरा," ते सावकाश, शब्द गोळा करत म्हणाले. "पण मने कहेवुं तो हतुं."

खरं लिहिलंस, पण मला सांगायचं तरी होतंस, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि त्यावर मी काही बोलायच्या आत आबा पुढं झाले. हात जोडून, आपल्या मोडक्या गुजरातीत म्हणाले, "एने ते ज दिवसे खबर पडी, बापुजी. जे दिवसे छाप्युं, ते ज दिवसे. नहीं तो मने कह्युं होत. मारो छोकरो एवो नथी."

बापुजींनी माझ्यावर नजर ठेवून विचारलं, असं का? "एम?"

खोलीत पंखा फिरत होता. आबा माझ्या बाजूला उभे होते, त्यांच्या हातातल्या वस्तऱ्यावर अजून रक्त होतं, आणि ते माझ्याकडे बघतही नव्हते, इतकी त्यांना माझी खात्री होती.

"हा, बापुजी," मी म्हणालो.

"तो पछी तारो शो वांक," बापुजी म्हणाले. मग तुझा काय दोष.

आज ते दोघेही नाहीत. आबा गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी त्यांची दाढी रोज करायचो आणि रोज ठरवायचो, आज सांगू. मामाही गेला. तेव्हा ही गोष्ट आता फक्त मला ठाऊक आहे, आणि हे वाचणाऱ्याला.

त्या दिवशी मात्र आणखी थोडं काम उरलं होतं. रक्त थांबवायला तुरटी लावायची होती, आणि त्या रेघांकडे आबांना बघवत नव्हतं. त्यांनी तुरटीचा खडा ओला करून माझ्या हातात दिला. मी पलंगाशी वाकलो. तुरटी ताज्या जखमेला फार झोंबते. बापुजींना ते ठाऊक होतं, तरी त्यांनी डोळे मिटले आणि सोललेला गाल वर करून माझ्यापुढं धरला.